वरच्या पाण्याची खबर

साळवीबाई फोन उचलून "हॅलो" म्हणाल्याचं मला आठवत नाही. "बोला, महाड," असंच म्हणायच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या वीसेक वर्षं ऑपरेटर होत्या. पुढे यंत्रं आली, तारा जोडायचं काम संपलं, बाईंना बिलांच्या खिडकीवर बसवलं आणि तिथूनच त्या निवृत्त झाल्या. पण जिभेला बसलेलं वळण गेलं नाही. ठाण्याहून मुलगी फोन करायची आणि आईचं "बोला, महाड" ऐकून दर वेळी हसायची.

आकडा दोनदा सांगायची सवयही तिथलीच. भाजीवाल्याला, "भेंडी अर्धा किलो. अर्धा." माझं बाजारपेठेत औषधांचं दुकान आहे, तिथे रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्या की, "पन्नासची. पाच, शून्य."

"बाई, तीन वर्षं तीच गोळी देतोय मी."

"देतोस रे. पण ऐकणारा चुकला तर दोष सांगणाऱ्याचा."

दुकानामागच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्या एकट्या राहत. यजमान लवकर गेलेले. अंगाने बारीक, साडी नेहमी घोट्याच्या वर खोचलेली, आणि चालणं असं की मागून हाक मारली तर आधी चार पावलं पुढे जाऊन मग थांबायच्या. गप्पा मारायला बसल्या तरी त्यांचा एक कान दुसरीकडेच असायचा.

महाडला पुराचं नवल नाही. इथे दुकान बांधताना आधी माळ्याची उंची ठरते, मग गल्ल्याची जागा. सावित्री पोलादपूरकडून येते, गांधारी नाते गावाकडून, आणि दोघींचं पाणी एकाच वेळी फुगलं की ते बाजारात शिरतं. शिरणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. कधी, हे कोणाला सांगता येत नाही. माळ्यावर माल चढवायला चार तास लागतात आणि पाणी आलं की अर्धा तासही देत नाही, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची अडचण.

बाईंच्या डोक्यात हा विषय शिरला तो एक्स्चेंजच्या खुर्चीवर. पावसाळ्यात वरून फोन यायचे: पूल बुडाला, गाडी सुटली नाही, आज येत नाही. "दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही असा नियम होता," त्या मला म्हणाल्या होत्या, "आणि मी ऐकत नव्हते. पण कानाला झाकण नसतं ना." वरून असे फोन येऊन गेले की दोन-तीन तासांनी, ड्यूटी संपवून घरी जाताना, बाजारात पाणी दिसायचं. वर बोलणं, मग खाली पाणी. हे त्यांनी इतक्या वेळा पाहिलं की त्यांना त्याचा नादच लागला.

निवृत्तीनंतर हातात मोबाइल आला आणि बाईंनी स्वतःचं एक्स्चेंज उघडलं. पोलादपूरच्या वर डोंगरात एक वाडी आहे, तिथल्या अंगणवाडीच्या सेविका रंजनाताई. नाते गावात एक निवृत्त मास्तर. हिरकणीवाडीत गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालणाऱ्या एक काकू. या तिघांना बाईंनी स्वतः जाऊन पाऊस मोजायची एकेक बाटली बसवून दिली. सरळ अंगाची प्लॅस्टिकची बाटली, वरचा भाग कापून उलटा आत बसवलेला, बाहेरून शाळेतली पट्टी चिकटवलेली. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजायचं, ओतून टाकायचं आणि बाईंना सांगायचं. काकूंना पहिल्यांदा सगळं थट्टेचं वाटलं. "बाटलीत पानी बघून काय व्हनार गो?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे पडलेलं पाणी काही तासांत माझ्या दारात येतं. पाहुणा किती माणसांनिशी निघालाय ते आधी कळलं तर बरं नाही का?" काकू हसल्या, पण त्यानंतर एकही सकाळ त्यांनी चुकवली नाही.

पहिल्याच वर्षी बाई सपशेल चुकल्या.

जुलै होता. रंजनाताईंची बाटली भरून वाहिली, मास्तरांचीही जवळजवळ भरली. बाई दुकानादुकानातून फिरल्या, "माल उचला, दुपारी पाणी येणार." सगळ्यांनी नाही, पण बऱ्याच जणांनी उचलला. मीही उचलला. दुपार गेली, संध्याकाळ गेली. नदी काठोकाठ वाहिली आणि तशीच उतरली. बाजारात पाण्याचा थेंब आला नाही. आमच्या समोर दिनूशेट यांचं कापडाचं दुकान. त्यांच्या माणसांनी तागे चढवता-चढवता एक गठ्ठा चिखलात पाडला होता. भर बाजारात ते बाईंना म्हणाले, "बाई, तुमची वेधशाळा आता बंद करा. घरी बसून जप करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर बाई पहिल्या दुकानापासून पुन्हा निघालेल्या. प्रत्येक दुकानाच्या पायरीशी उभ्या राहून एकच वाक्य म्हणत होत्या, "काल माझं चुकलं. का चुकलं ते शोधते आणि सांगते." दिनूशेट यांच्याकडेही गेल्या. ते तोंड फिरवून कापड मोजत राहिले. बाईंनी वाक्य पूर्ण केलं आणि पुढच्या दुकानाकडे वळल्या. चुकल्यावर घरात बसणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, मी स्वतः त्यातलाच. त्यामुळे तो सकाळचा फेरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

उत्तर त्यांना मासळी बाजारात मिळालं. दासगावहून मासे घेऊन येणाऱ्या हिराबाई म्हणून कोळीणबाई होत्या. साळवीबाई त्यांच्या टोपलीपाशी उकिडव्या बसून आपली फजिती सांगत होत्या. हिराबाईंनी कोयता थांबवला.

"कालची तिथ काय व्हती?"

"अष्टमी."

"मग कसं येल पानी? आठमीला भांग असतंय. खाडीची भरतीच बारकी. वरचं पानी सरळ निंगून गेलं. आवसेपुनवेला उधान असलं की खाडी तोंड मिटतं, मंग वरचं पानी जाईल कुठं? तुझ्या बाजारातच बसंल."

नदी वरून येते तेवढंच बघत होत्या बाई. खाली खाडी आहे हे त्यांनी हिशेबात धरलंच नव्हतं. हिराबाईंनी त्यांना भरतीची वेळ काढायलाही शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. महाडपर्यंत पोचायला त्यात आणखी थोडी भर. बाईंनी त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पावसाळ्याच्या सगळ्या तारखांखाली भरतीच्या वेळा लिहून काढल्या, आणि मग तिसऱ्यांदा बाजारात फिरल्या, का चुकलं ते सांगायला. दिनूशेट या वेळी ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "कोळणीला विचारायचं सुचलं नाही कुणाला."

पुढच्या वर्षी तालुक्याच्या सभागृहात आपत्तीच्या तयारीचं शिबिर झालं. हवामानाचा अभ्यास करणाऱ्या एक तरुण शास्त्रज्ञ बाई पुण्याहून आल्या होत्या. पडद्यावर उपग्रहाची चित्रं, रडारवरचे लाल-पिवळे ढग. मी साळवीबाईंच्या शेजारी बसलो होतो. प्रश्न विचारायची वेळ आली तशी बाई उठल्या.

"तुम्ही 'अतिवृष्टीची शक्यता' म्हणता. अशा तुमच्या दहा शक्यतांपैकी किती खऱ्या होतात?"

सभागृहात हशा पिकला. कोणीतरी टाळीही वाजवली. सगळ्यांना वाटलं, बाईंनी शास्त्रज्ञाला पकडलं. पण ती मुलगी खुलली. म्हणाली, "आजी, हाच प्रश्न आम्ही आमच्या अंदाजांना दरवर्षी विचारतो. किती खरे झाले, किती वेळा उगाच घाबरवलं, किती वेळा सांगायचंच राहिलं, तिन्ही मोजतो. त्याशिवाय अंदाज सुधारत नाही." मग तिने सांगितलं की उपग्रह, रडार आणि मोठ्या संगणकावरची गणितं मिळून उद्या-परवा जिल्ह्यात काय होईल ते आता पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगलं सांगता येतं; पण कोणत्या ओढ्याला किती पाणी येईल, कोणत्या आळीत शिरेल, हे त्या ओढ्यापाशी मोजणारं माणूस असलं तरच कळतं.

शिबिर संपल्यावर दोघी तासभर बोलत उभ्या होत्या. शास्त्रज्ञ बाईंनी बाटल्यांचे फोटो मागवले आणि रंजनाताईंची बाटली फणसाच्या झाडाजवळ आहे, ती उघड्यावर न्या, हे सांगितलं. साळवीबाईंनी घरी येऊन पहिलं काम केलं ते कॅलेंडरवर स्वतःचा निकाल लावण्याचं. बरोबर तिथे टिंब, चूक तिथे फुली. फुल्या लपवायच्या नाहीत म्हणून लाल शाईने.

त्या दिवसापासून 'पाणी येणार' हे शब्द त्यांनी सोडून दिले. "येण्याचा संभव मोठा आहे, तयारीत राहा," असं म्हणायच्या. लोक चिडायचे. मीच एकदा म्हणालो, "बाई, येणार की नाही ते एकदा स्पष्ट सांगा ना."

"तू औषध देतोस, तेव्हा बरं होणारच असं लिहून देतोस का?"

"नाही."

"मग लोक औषध घेतातच ना तुझ्याकडून?"

पाऊस का बदललाय हेही त्या लोकांना सांगायच्या. आमच्या कट्ट्यावर 'पूर्वी असा पाऊस नव्हता' ही तक्रार कायमची. बाई म्हणायच्या, समुद्र तापलाय. कढईतलं पाणी तापलं की वाफ जास्त सुटते, तशी समुद्रावरूनही, आणि तापलेली हवा ती जास्त धरते. ती वाफ सह्याद्रीवर आदळून वर चढते, थंड होते आणि सगळी एकदम खाली येते. म्हणून महिनाभर रिपरिप पडायचा तो आता चार दिवस दडी मारतो आणि दोन दिवसांत कोसळतो. "मग आता काय, देवावर हवाला?" एकाने विचारलं. बाई म्हणाल्या, "का बरं? कारण कळलंय म्हणजे अर्धी वाट सापडलीय. आपल्या आज्ज्याला ढगाचं चित्र बघायला मिळत होतं का?"

खरी कसोटी त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आली. पौर्णिमा होऊन तीन दिवस झाले होते, म्हणजे उधाण ओसरलेलं नव्हतं. आदल्या दिवशीच जिल्ह्याला लाल इशारा होता. सकाळी नऊला मी शटर उघडतोय तोवर बाई जिना उतरून आल्या, फोन कानालाच. नात्याच्या मास्तरांचा आकडा त्यांनी दोनदा म्हटला आणि माझ्याकडे वळल्या.

"विनायक, तृतीया आहे. तिनाची पाऊणपट सव्वादोन. आपल्याकडे तीनच्या सुमाराला भरती. वरचं पाणीही तेव्हाच पोचतंय. आधी इन्सुलिन हलव, मग बाकीचं."

मी इन्सुलिनचा खोका बर्फात घालून वरच्या आळीतल्या डॉक्टरांकडे पाठवला आणि माल चढवायला घेतला. समोर दिनूशेट स्वतः शिडीवर उभे होते. बाईंना बघून त्यांनी वरूनच विचारलं, "कुठवर चढवू?" बाईंनी हाताने माळा दाखवला. पालिकेचा भोंगा वाजला तेव्हा आमची ओळ जवळजवळ रिकामी झाली होती.

बाईंचं लक्ष मात्र बाजारात नव्हतं. त्या माझ्या पायरीवर बसून रंजनाताईंना पुन्हा पुन्हा फोन लावत होत्या. दहाच्या सुमाराला लागला. फोन कानापासून लांब धरला होता, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं.

"बाई, सकाळपासून दोनदा बाटली भरली. आन आजचा तिसरा दिवस हाय. घरांच्या मागं वर एक भेग गेलीय, हात जाईल येवढी."

बाई उठून उभ्या राहिल्या. "रंजना, नीट ऐक. डोंगर तीन दिवस पाणी पितोय. आता त्याला आणखी धरवणार नाही अशी भीती आहे. सगळ्यांना घेऊन खालच्या शाळेत जा. आत्ता. आत्ता."

"सासूबाई नाय म्हनतात. म्हनतात, माझा जल्म गेला हितं, डोंगर मला काय करत नाय."

"दे त्यांना."

फोनवर म्हातारीचा आवाज आला, खणखणीत. "बाय, तू डोंगर पडनार म्हनून सांगतंस?"

मला वाटलं, आता तरी बाई 'हो' म्हणतील. एका शब्दाचं काम होतं.  पण बाई म्हणाल्या, "नाही. पडेलच असं मला सांगता येत नाही. कोणालाच येत नाही. न पडण्याचाही संभव आहे. पण पडला तर तुम्हाला निघायला वेळ मिळणार नाही. शाळेत दोन दिवस गैरसोय होईल, ती माझ्या नावावर घाला."

 मग म्हातारी म्हणाली, "शेरडं बी न्यायची काय?"

"न्या. शेरडं आधी न्या."

फोन ठेवल्यावर मी बाईंना पाणी दिलं. तालुक्याच्या कचेरीत कळवायला हवं म्हणून मीच फोन लावून त्यांच्या हातात दिला. तिथल्या माणसांनी लगेच पोलीसपाटलांना निरोप धाडला. बाराच्या आत वाडी रिकामी झाली.

तीनला बाजारात पाणी आलं. माझ्या गल्ल्याच्या वर हातभर चढलं. आम्ही सगळे वरच्या आळीत उभे राहून बघत होतो. माझ्या दुकानातून एक रिकामा खोका तेवढा वाहत गेला. चार दिवसांनी चिखल उपसताना दिनूशेट यांनी बाईंना खुर्ची आणून दिली आणि स्वतः चहा ओतला. 

आणि डोंगर? डोंगर पडला नाही.

भेग होती तिथेच राहिली. दोन रात्री शाळेत काढून लोक परतले, तर घरं जशीच्या तशी. बाईंना हे फोनवर कळलं. त्यांनी कॅलेंडरवर त्या तारखेला लाल फुली मारली, आणि रस्ता सुरू झाल्यावर मला म्हणाल्या, "मला पोलादपूरला सोडशील? सांगायला जायचंय."

 जिथे गाडी थांबते तिथून वाडीपर्यंत चढ आहे. मीही बरोबर गेलो. रंजनाताईंच्या अंगणात बायका-माणसं जमली. बाईंनी पदर सारखा केला आणि सुरुवात केली, "मी तुम्हाला घराबाहेर काढलं. डोंगर पडला नाही. तुमचे हाल झाले..."

म्हातारी ओसरीवर बसून कोयत्याने फणस कापत होती. तिने मान वर केली. "कसले हाल? पोरं मजेत व्हती. बस अगोदर. फनस खा."

"पण मी..."

"येक बार नाय पडला. पुढल्या बारीला सांगशील तवा पन जाव. तू खोटं बोलली असतीस तर नसतो गेलो." आणि मग रंजनाताईंकडे बघून, "शाळंत चूल मांडायला जागा नाय, त्येवढं बघ म्हनावं कुनीतरी."

बाई खाली बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग फणसाचा गरा उचलून त्यांनी तोंडात टाकला.

त्या वाडीने पुढे दोनदा शाळा गाठली, कोणी न सांगता. भेगेपाशी खुंट्या ठोकून रंजनाताई स्वतःच अंतर मोजू लागल्या होत्या. भूगर्भ तपासणारी माणसं येऊन गेली, आणि वाडी आता थोडी बाजूला, पक्क्या जागेवर सरकते आहे. अर्धी घरं उभी राहिलीत. शाळेत चुलीची शेडही झाली.

बाई गेल्या वर्षी हिवाळ्यात ठाण्याला मुलीकडे वारल्या, झोपेतच. मला खबर उशिरा मिळाली, जाता आलं नाही. पण त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधीच्या मे महिन्यात, वरच्या वाडीत; तिथूनच दुसऱ्या दिवशी मुलगी त्यांना ठाण्याला घेऊन गेली.

रंजनाताईंच्या वाडीखालच्या शाळेच्या आवारात पाऊस आपोआप मोजणारं यंत्र बसलं होतं. चार बाजूंनी जाळी, वर सौर पट्टी. दर पंधरा मिनिटांनी आकडा परस्पर हवामान खात्याला पाठवतं. बाईंना ते बघायचं होतं. मला वाटलं, आता आपलं काम संपलं म्हणून त्यांना वाईट वाटेल. त्या जाळीला नाक लावून उभ्या राहिल्या आणि बसवणाऱ्या तंत्रज्ञाला विचारलं, "हे चुकतं का?"

"कधी कधी पालापाचोळा अडकतो, आजी. मग कमी दाखवतं."

"साफ कोण करतं?"

त्याने रंजनाताईंकडे बोट दाखवलं. किल्ली त्यांच्या कमरेला होती. बाई इतक्या मनापासून हसल्या की तो गोंधळून गेला.

परत निघायच्या वेळी मला म्हणाल्या, "तू जा रे. मी आज रंजनाकडे राहते, खुंट्या बघायच्यात." मी गाडीपाशी उभा राहून बघत होतो. दोघी चढ चढत होत्या, रंजनाताई पुढे, बाई मागे. दर वळणावर दम घ्यायला थांबत आणि थांबल्या की बाई काहीतरी विचारत असाव्यात, कारण रंजनाताईंचा हात कधी डोंगराकडे, कधी खाली ओढ्याकडे जायचा. शेवटच्या वळणावर बाई वाकल्या. कडेच्या मातीच्या दरडीवर त्यांनी तळहात उघडा ठेवला, लेकराच्या कपाळाला हात लावून ताप बघावा तसा, आणि तसाच थोडा वेळ ठेवला. मग काहीतरी म्हणाल्या. एवढ्या लांबून मला ऐकू आलं नाही. पण रंजनाताई मोठ्याने हसल्या, त्यांनी बाईंचा हात धरला आणि दोघी वळणाआड गेल्या.